हाडाचा एक्स-रे आणि त्याचा खर्च : महाराष्ट्रातील स्थितीचा आढावा

रुग्णालयाची पायरी क्वचितच चढणाऱ्या माणसालाही आयुष्यात एकदा तरी सामोरी येणारी तपासणी म्हणजे हाडाचा एक्स-रे होय. आणि तरीही तिला किती पैसे पडतील या साध्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात एका आकड्यात देता येत नाही. एकाच शहरात, एकाच दिवशी, त्याच मनगटाच्या त्याच दोन चित्रांसाठी एका रुग्णाला काहीच द्यावे लागत नाही, दुसऱ्याला चार-पाचशे रुपये द्यावे लागतात आणि तिसऱ्याच्या बिलात दीड हजारांच्या घरातील रक्कम दिसते. ही तफावत केवळ नफेखोरीने स्पष्ट होत नाही आणि केवळ यंत्राच्या दर्जानेही नाही. तिच्या मुळाशी बिलात मोजले जाणारे एकक नेमके कोणते हा प्रश्न आहे, आणि तो रुग्णाला सहसा पैसे भरून झाल्यावरच कळतो.

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म रॉंटगेन यांना जर्मनीतील वुर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लागला आणि २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे जे चित्र घेतले, तोच हाडांचा पहिला प्रसिद्ध एक्स-रे ठरला. रॉंटगेन यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे या तंत्राच्या किमतीत मूळ कल्पनेचे भाडे कधीच मिसळले गेले नाही. आज रुग्ण जे पैसे देतो ते यंत्र, जागा, फिल्म, तंत्रज्ञाचे काम आणि वाचणाऱ्या डॉक्टरची नजर यांचे असतात. हाडांत कॅल्शियम व फॉस्फरस असल्यामुळे ती आजूबाजूच्या स्नायूंपेक्षा अधिक किरण शोषतात आणि चित्रात पांढरी उमटतात. हा भेद इतका ठळक असतो की फ्रॅक्चरच्या, म्हणजे अस्थिभंगाच्या, निदानासाठी सव्वाशे वर्षांनंतरही यापेक्षा स्वस्त आणि जलद साधन उपलब्ध झालेले नाही.

दरपत्रकावर "एक्स-रे" असा शब्द असला, तरी प्रत्यक्षात किंमत लावली जाते ती "व्ह्यू"ला. व्ह्यू म्हणजे एका ठरावीक कोनातून घेतलेले एक चित्र. समोरून घेतलेल्या चित्राला "एपी" आणि बाजूने घेतलेल्याला "लॅटरल" म्हणतात. हाडाची तड एका कोनातून अजिबात दिसू नये आणि दुसऱ्या कोनातून हाड सरळसरळ सरकलेले दिसावे, असे वारंवार घडते, म्हणून परस्परांशी काटकोनात असलेली किमान दोन चित्रे घ्यावीत असा अस्थिरोगशास्त्राचा जुना दंडक आहे. तुटलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे चित्रात यावेत, आणि लहान मुलांमध्ये हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या फ्रॅक्चरसारख्याच भासत असल्याने कधी कधी दुसऱ्या, निरोगी बाजूचेही चित्र तुलनेसाठी घ्यावे, हेही त्याच दंडकाचे भाग आहेत. मनगटातील नौकाकृती हाडासारख्या काही ठिकाणी पहिल्या दिवशी तड दिसतच नाही, त्यामुळे दहा-चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे लागते. सारांश, "एक एक्स-रे काढून आणा" असे डॉक्टर म्हणतात तेव्हा बिलावर सहसा दोन व्ह्यू असतात. गुडघेदुखीत दोन्ही गुडघ्यांची उभे राहून घेतलेली चित्रे मागितली तर ते चारपर्यंत जातात, आणि मणका पुढे-मागे वाकवून हालचाल पाहायची असेल तर कमरेचेच चार व्ह्यू होतात.

हे ध्यानात ठेवले म्हणजे बाजारातील आकडे वाचता येतात. तालुक्याच्या गावी किंवा लहान शहरातील खासगी केंद्रात हात, पाय, मनगट, घोटा अशा अवयवांच्या एका व्ह्यूला सर्वसाधारणपणे दोनशे ते चारशे रुपये पडतात. पुणे, नाशिक, नागपूर, मुंबई येथील स्वतंत्र निदान केंद्रांत डिजिटल चित्राचा दर बहुधा तीनशे ते सहाशेच्या दरम्यान असतो, आणि दोन व्ह्यू एकत्र घेतल्यास अनेक केंद्रे थोडी सूट देऊन पाचशे ते हजार रुपये आकारतात. कमरेचा मणका, ओटीपोटाचा भाग अर्थात पेल्विस, किंवा खुबा यांसाठी मोठी फिल्म आणि अधिक किरणमात्रा लागत असल्याने दर काहीसा वर सरकतो. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत याच दोन चित्रांचे बिल हजारापासून दीड हजारापर्यंत, आणि आंतररुग्णाने वरच्या वर्गाची खोली घेतलेली असल्यास त्याहूनही पुढे जाऊ शकते, कारण बहुतेक खासगी रुग्णालयांत तपासणीचा दर खोलीच्या वर्गाशी जोडलेला असतो. चित्र तेच, यंत्र तेच, तंत्रज्ञही तोच. बदलते ती फक्त खाट. या प्रथेचे वैद्यकीय समर्थन कुणी देऊ शकेल असे वाटत नाही.

यंत्र रुग्णाच्या खाटेपाशी आणून काढलेल्या चित्राला "पोर्टेबल" म्हणतात आणि त्यासाठी जादा आकार लावला जातो. मोठ्या शहरांत घरी येऊन एक्स-रे काढून देणाऱ्या सेवाही आहेत. त्यांचा खर्च साधारणपणे दीड हजारापासून तीन-साडेतीन हजारांपर्यंत जातो. घरात पडून खुबा दुखावलेल्या, उठू न शकणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत ही रक्कम वरकरणी जास्त वाटली, तरी रुग्णवाहिकेचे जाण्या-येण्याचे भाडे आणि उचल-ठेव करताना होणाऱ्या यातना जमेस धरल्या तर हिशेब वेगळा निघतो. अर्थात खुब्याचे फ्रॅक्चर निघाले तर रुग्णालयात जावे लागतेच आणि तेथे बहुधा चित्र पुन्हा काढले जाते.

एका तपासणीच्या दरापेक्षा रुग्णाच्या खिशाला अधिक जाणवते ती तपासण्यांची मालिका, आणि या विषयावरील बहुतेक चर्चेत नेमकी तीच सुटून जाते. उदाहरणादाखल मनगटाजवळ होणारे कोलीज फ्रॅक्चर घेता येईल. घसरून हातावर पडलेल्या प्रौढ व वृद्ध व्यक्तींमध्ये, विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये, हे फार आढळते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कोलीज यांनी त्याचे वर्णन १८१४ मध्ये, म्हणजे एक्स-रे अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, केवळ हाताने चाचपून केले होते. आजच्या पद्धतीत निदानासाठी पहिली दोन चित्रे काढली जातात. हाड ओढून जागेवर बसवून प्लास्टर घातल्यावर ते नीट बसले की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा दोन. प्लास्टरच्या आत हाड पुन्हा सरकण्याचा धोका पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक असल्याने आठ-दहा दिवसांनी आणखी दोन. आणि सहा आठवड्यांच्या सुमारास प्लास्टर काढताना हाड जुळल्याची खात्री करण्यासाठी शेवटची दोन. चार खेपा, आठ चित्रे. दोन व्ह्यूंना सहाशे रुपये धरले तर २,४०० रुपये होतात, चौदाशे धरले तर ५,६०० रुपये. आणि यात डॉक्टरांची फी, प्लास्टर, औषधे, रिक्षा यांतील काहीही आलेले नाही. हाड सरकले आणि शस्त्रक्रिया करून पट्टी-स्क्रू बसवावे लागले, तर मालिका आणखी लांबते. पहिल्या दिवशी सहाशे रुपये मोजून "एक्स-रे झाला" असे समजणाऱ्या कुटुंबाला या चार खेपांची कल्पना आधी दिली जात नाही, आणि तिसऱ्या खेपेचे चित्र पैशापायी टाळले गेले तर वाकडे जुळलेले मनगट जन्मभराचे होऊन बसते.

ही रक्कम कुणासाठी किती मोठी आहे हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील ग्रामीण रोजगार हमीच्या कामाची २०२५-२६ सालची मजुरी पुरेशी आहे. ती दिवसाला ३१२ रुपये होती. दोन व्ह्यूंचा खासगी दर म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी, आणि वरील मालिका कमीत कमी दरातही आठवडाभराची. हात मोडलेल्या मजुराची तेवढ्या काळातली कमाई आधीच बुडालेली असते.

दरामागे कोणते खर्च असतात याचा थोडा उलगडा येथे आवश्यक आहे, कारण सगळी किंमत मनमानी असते हा समजही तितकाच चुकीचा आहे. जुन्या पद्धतीत क्ष-किरण थेट फिल्मवर घेतले जात आणि अंधाऱ्या खोलीत डेव्हलपर व फिक्सर या रसायनांत ती धुतली जाई. फिल्मवर चांदीचा थर असल्याने तिची किंमत चांदीच्या भावाशी बांधलेली होती. त्यानंतर आलेल्या "सीआर" पद्धतीत फिल्मऐवजी फॉस्फरचा थर असलेली, पुन्हा पुन्हा वापरता येणारी पट्टी कॅसेटमध्ये असते आणि ती वेगळ्या यंत्रात घालून वाचली जाते. सध्याच्या "डीआर" पद्धतीत सपाट डिटेक्टर किरण टिपून काही सेकंदांत चित्र थेट संगणकावर आणतो. सामान्य बोलण्यात या दोन्हींना "डिजिटल एक्स-रे" म्हटले जाते आणि दरही बऱ्याचदा सारखाच लावला जातो, मात्र यंत्रांच्या किमतीत मोठे अंतर आहे: साधे यंत्र आणि सीआरचा संच काही लाखांत उभा राहतो, तर चांगल्या डीआर यंत्रणेचा खर्च त्याच्या कित्येक पट होतो. डिटेक्टर आणि क्ष-किरण नळी हे भाग मोठ्या प्रमाणावर आयात केले जात असल्याने सीमाशुल्काचाही किमतीशी संबंध येतो. २३ जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या दोन्ही भागांवरील शुल्कात देशांतर्गत उत्पादनक्षमतेशी सांगड घालून टप्प्याटप्प्याने बदल करण्याचे जाहीर झाले. मान्यताप्राप्त आरोग्यसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असल्यामुळे एक्स-रेच्या बिलावर हा कर लागत नाही, आणि तो वेगळा लावलेला दिसल्यास रुग्णाने त्याचे कारण विचारणे योग्यच ठरते. मात्र केंद्रचालकाने यंत्र व फिल्म घेताना भरलेल्या कराची त्याला वजावट मिळत नाही, त्यामुळे तो भार दरात मुरलेला असतोच.

याशिवाय सुरक्षिततेचा खर्च आहे. मुंबईत अणुशक्तीनगरात मुख्यालय असलेले आणि १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे सर्वत्र "एईआरबी" या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी संस्था, क्ष-किरण यंत्र चालवण्याचा परवाना देते. खोलीच्या भिंती नऊ इंची विटांच्या किंवा तितक्याच रोधक असाव्यात, दाराला शिशाचा पत्रा असावा, तंत्रज्ञाने शिशाच्या आवरणामागे उभे राहावे, किरणमात्रा मोजणारा बिल्ला लावावा आणि यंत्राची ठरावीक काळाने गुणवत्ता चाचणी व्हावी, अशा तिच्या अपेक्षा असतात. या सर्वांसाठी पैसा लागतो. म्हणून फारच स्वस्त दर दिसला की आनंद मानण्याआधी भिंतीवर हा परवाना आहे का हे पाहणे शहाणपणाचे असते.

बिलात आणखी दोन घटक लपलेले असतात, ते म्हणजे फिल्म आणि अहवाल. चित्र आता मोबाइलवर पाठवता येते, त्यामुळे काही केंद्रे फिल्म नको असल्यास कमी पैसे घेतात, तर काही ठिकाणी फिल्म हवी की नको हे विचारलेही जात नाही. गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयांत डॉक्टर चित्र संगणकावरच पाहतात आणि नातेवाईक पडद्याचा फोटो काढून घेतात. हा फोटो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी कामचलाऊ ठरतो, परंतु बारीक तड ओळखण्यासाठी तो पुरेसा नसतो, आणि मग नवे चित्र, नवा खर्च. अहवालाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. स्वतंत्र निदान केंद्रात चित्र पाहून लेखी निष्कर्ष देणारा क्ष-किरणतज्ज्ञ, अर्थात रेडिओलॉजिस्ट, असतो आणि त्याचे मानधन दरात धरलेले असते. याउलट अनेक अस्थिरोगतज्ज्ञ आपल्याच दवाखान्यात यंत्र बसवतात, चित्र स्वतः वाचतात आणि लेखी अहवाल देत नाहीत. साध्या फ्रॅक्चरसाठी अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञाची नजर पुरेशी असते, हे मान्य करायला हवे. पण विम्याचा दावा, अपघाताची भरपाई किंवा दुसरे मत यांची वेळ येते तेव्हा सही-शिक्क्याचा अहवाल लागतो. म्हणून दोन ठिकाणच्या दरांची तुलना करताना "किती व्ह्यू, फिल्मसह की फिल्मशिवाय, अहवालासह की अहवालाशिवाय" हे विचारल्याखेरीज तुलनेला अर्थ उरत नाही.

सार्वजनिक व्यवस्थेत चित्र वेगळे आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा व अन्य रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार निःशुल्क करण्यात आले, आणि एक्स-रे त्यात येतो. हा निर्णय महत्त्वाचा होता, पण त्याची कुंपणे नागरिकांना नीट समजावली गेली नाहीत: वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये आणि महापालिकांची रुग्णालये या विभागाखाली येत नाहीत, त्यामुळे पुण्याचे ससून किंवा मुंबईचे केईएम यांना तो आपोआप लागू झाला नाही. तेथे खासगी दराच्या मानाने नाममात्र म्हणावे असे शुल्क आणि गरजूंसाठी सवलतीची व्यवस्था अशी पद्धत आहे. शिवाय निःशुल्क याचा अर्थ बिनखर्ची असा होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा एक्स-रे यंत्र नसते, ग्रामीण रुग्णालयात ते असले तरी तंत्रज्ञाची जागा रिक्त असते किंवा यंत्र दुरुस्तीच्या प्रतीक्षेत असते, आणि मग रुग्णाला "बाहेरून काढून आणा" असे सांगितले जाते. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी यांची बेरीज शहरातल्या खासगी एक्स-रेच्या दराला सहज गाठते. हाडवैद्याकडे जाण्याची जी प्रथा ग्रामीण भागात टिकून आहे, तिचे कारण केवळ अंधश्रद्धेत शोधणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहायला हरकत नाही. चित्र न पाहता हाड बसवण्याचे परिणाम गंभीर असू शकतात, परंतु हाडवैद्य गावात असतो आणि एक्स-रे गावात नसतो.

राज्याच्या सीमेवर हा प्रश्न आणखी एक वळण घेतो. सिंधुदुर्गातील सावंतवाडी, दोडामार्ग या भागांतील रुग्ण वर्षानुवर्षे गोव्यातील बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे जात आले आहेत. जानेवारी २०१८ पासून तेथे गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी दोडामार्गात त्यावरून जनआंदोलनही झाले. त्या आंदोलनाचा रोख गोव्यापेक्षा आपल्याच राज्याकडे अधिक होता, कारण मूळ मागणी आपल्या जिल्ह्यात सक्षम रुग्णालय असावे ही होती.

सार्वजनिक आणि खासगी यांच्या मधली पायरी धर्मादाय रुग्णालयांची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीने राखून ठेवायच्या असतात. त्यासाठीची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. निर्धन रुग्णाच्या बाबतीत खाट, शुश्रूषा यांच्याबरोबर नेहमीच्या तपासण्यांचेही बिल लावायचे नसते, आणि साधा एक्स-रे या नेहमीच्या तपासण्यांतच मोडतो. अडचण अशी की योजना मुख्यतः खाटांशी बांधलेली आहे आणि हाडांचे बहुसंख्य रुग्ण बाह्यरुग्ण विभागातूनच घरी जातात. याखेरीज अनेक शहरांत धार्मिक व सामाजिक संस्थांची निदान केंद्रे बाजारभावाच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी दराने एक्स-रे काढून देतात. त्यांची माहिती जाहिरातीतून नव्हे, तर ऐकीव स्वरूपात पसरते, आणि रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला विचारल्यास ती बऱ्याचदा मिळते.

बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण हा भेद विम्यातही तितकाच आड येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत फ्रॅक्चरवरील शस्त्रक्रियांची पॅकेजे आहेत आणि त्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे एक्स-रे अंतर्भूत असतात, किंबहुना रुग्णालयाला आपला दावा मंजूर करून घेण्यासाठी ती चित्रे सादर करावी लागतात. म्हणून या योजनेतील रुग्णाकडून एक्स-रेचे वेगळे पैसे मागणे नियमाला धरून नाही. मात्र प्लास्टर घालून घरी पाठवलेल्या रुग्णाच्या चार खेपांना योजना फारशी उपयोगी पडत नाही. खासगी आरोग्यविम्यातही तेच: रुग्णालयात दाखल झाल्यास दाखल होण्याआधीच्या साधारण ३० आणि नंतरच्या ६० दिवसांतील संबंधित तपासण्यांचा खर्च मिळतो, पण दाखलच न झालेल्या रुग्णाचा एक्स-रे बाह्यरुग्ण संरक्षण वेगळे घेतलेले नसल्यास स्वतःच्या खिशातून जातो. २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या विमाधारक कामगारांना राज्य कामगार विमा योजनेच्या रुग्णालयांत बाह्यरुग्ण म्हणूनही ही तपासणी मिळते, आणि या बाबतीत ही जुनी, काहीशी दुर्लक्षित योजना नव्या योजनांपेक्षा उजवी ठरते. रस्ते अपघातातील जखमींसाठी मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची तरतूद आहे. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागायची असेल तर त्या काळातील चित्रे आणि पावत्या पुरावा ठरतात, म्हणून त्या जपून ठेवाव्या लागतात.

सगळ्यात स्वस्त एक्स-रे तो, जो काढण्याची गरजच नसते. कॅनडातील ओटावा येथे इयान स्टिएल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये घोट्याच्या दुखापतीसाठी काही साधे नियम मांडले: घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर अथवा त्याच्या मागच्या कडेवर दाबल्यास हाडावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही रुग्णाला चार पावले टाकता येत नसतील, तरच घोट्याचा एक्स-रे काढावा. पायाच्या मधल्या भागासाठीही असेच दोन बिंदू त्यांनी ठरवून दिले. या नियमांच्या वापराने फ्रॅक्चर सुटण्याचे प्रमाण नगण्य राहून अनावश्यक चित्रे सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतात, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले. दाबून पाहायला आणि चार पावले चालवायला एक मिनिट लागते, यंत्र लागत नाही. कंबरदुखीतही, ताप, वजन घटणे, कर्करोगाचा पूर्वेतिहास, पायातील शक्ती जाणे, मोठी दुखापत अशी धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत चित्र काढून उपचारात फरक पडत नाही, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तरीही कमरेच्या दोन व्ह्यूंची चिठ्ठी पहिल्याच भेटीत हाती पडणे आपल्याकडे सर्रास चालते. येथे पैशाबरोबर किरणमात्रेचाही विचार येतो. हाताच्या किंवा पावलाच्या चित्रातून मिळणारी मात्रा सुमारे ०.००१ मिलिसिव्हर्ट असते, आणि तेवढे किरण निसर्गातून प्रत्येकाला साडेतीन-चार तासांत मिळतच असतात, म्हणून त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. कमरेच्या मणक्यांच्या तपासणीत मात्र ही मात्रा हजारपट, म्हणजे एक ते दीड मिलिसिव्हर्टपर्यंत जाते.

अनावश्यक चित्रांच्या मागे नेहमी अज्ञानच असते असे नाही. ज्या डॉक्टरने रुग्ण पाठवला त्याला निदान केंद्राने बिलातील काही हिस्सा देण्याची "कट प्रॅक्टिस" महाराष्ट्रात उघड गुपित आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने असे कमिशन देणे-घेणे निषिद्ध ठरवले आहे; २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला, पण त्याचा कायदा झाला नाही. सीटी किंवा एमआरआयच्या मानाने एक्स-रेची रक्कम लहान असल्याने त्यातील हिस्साही लहान असतो, तथापि संख्या मोठी असल्याने तो दुर्लक्षणीय नाही. ठरावीक केंद्राचेच नाव छापलेली चिठ्ठी मिळाली तरी रुग्ण तिला बांधील नसतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तपासणी कोठे करावी हे निवडण्याचा हक्क स्पष्टपणे नोंदवलेला आहे.

दरांवर मर्यादा घालता येत नाही, हे म्हणणे अनुभवाने खोटे ठरले आहे. कोविडच्या साथीत सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने छातीच्या सीटी स्कॅनचे कमाल दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये असे ठरवून दिले, त्यात फिल्म व अहवाल धरले, आणि केंद्रे त्यामुळे बंद पडली नाहीत. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे म्हणजे सीजीएचएसचे दरपत्रकही एक्स-रेची किंमत अवयव व व्ह्यू यांनुसार ठरवते. ऑक्टोबर २०२५ च्या सुधारणेत पहिल्या श्रेणीच्या शहरांच्या तुलनेत दुसऱ्या श्रेणीत दहा आणि तिसऱ्या श्रेणीत वीस टक्के कमी, तसेच गुणवत्ता मानांकन नसलेल्या केंद्रांना पंधरा टक्के कमी, अशी रचना आहे. म्हणजे जागेचा खर्च आणि दर्जा यांचा विचार करून सुसंगत दर बांधता येतात, हे सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांपुरते तरी दाखवून दिले आहे. सर्वसामान्य रुग्णासाठी प्रमाण दर ठरवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्राला त्याबाबत पावले उचलण्यास सांगितले. मात्र ज्या २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्यावर तो वाद उभा आहे, तो महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही.

महाराष्ट्रात लागू आहे तो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा, आणि त्याच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. पण हा कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. जेथे खाट नाही, केवळ यंत्र आहे, असे रस्त्यावरचे स्वतंत्र एक्स-रे केंद्र त्याच्या व्याख्येत बसत नाही. अशा केंद्राच्या भिंतीची जाडी किती असावी हे नियामक मंडळ सांगते, तंत्रज्ञाने वर्षाला किती किरण घ्यावेत याचीही मर्यादा आखलेली आहे, परंतु आत येणाऱ्या रुग्णाकडून दोन व्ह्यूंचे किती पैसे घ्यावेत, किंवा निदान ते आधी लिहून लावावेत, हे सांगण्याचे काम सध्या कोणत्याही एका यंत्रणेकडे नाही.